साडेआठशेचा आवाज

आमच्या आप्पांच्या गाडीला काय झालंय हे त्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत अख्ख्या वडगावला कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त मला. कारण सरळ आहे. मी मोजत होतो आणि बाकीचे सांगत होते.

गाडी जर्मन, गोल पाठीची. आप्पांच्या तरुणपणी कॅम्पातला एक लष्करी अधिकारी बदली होऊन गेला, तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. हिचं इंजिन मागं आणि डिकी पुढं. हिला पाणी घालावं लागत नाही, रेडिएटरच नाही. मोठ्या पंख्याच्या वाऱ्यावर इंजिन थंड राहतं. घरच्या मागांवर विणलेल्या साड्यांचे गठ्ठे पुढच्या डिकीत घालून आप्पांनी संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज असे बाजार केले. नाक्यावर पोलीस पुढचं झाकण उघडायला लावायचा, आत साड्या बघायचा आणि विचारायचा, "इंजिन कुठं हाय?"

"घरात ठेवून आलोय. उगं वजन," असं आप्पा म्हणायचे.

पोलीस हसायचा नाही. मग मागचं झाकण उघडून दाखवायचं आणि पुढं निघायचं. ही गंमत आप्पांनी आयुष्यभर त्याच नाक्यावर केली. मला ती लहानपणीही फारशी आवडली नाही, पण पोलिसाच्या चेहऱ्याकडे बघायला आवडायचं.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत तयार मालाची तपासणी करतो. माल बरा वाटतो की वाईट वाटतो, याला आमच्याकडे किंमत नाही. माप बसतं की नाही, एवढंच. ही सवय घरी आणू नये असं माझी बायको म्हणते. घरी आणली नसती तर भाजीवाल्यापासून अण्णापर्यंत सगळ्यांनी मला फसवलं असतं, हे तिला मान्य आहे. फक्त बोलून दाखवत नाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. टिळकवाडीत फ्लॅट घेऊन राहतो, प्लॉट दाखवायची कामं करतो. जमीन बघून पाणी किती फुटांवर लागेल हे सांगणारा माणूस असतो ना, त्या जातीचा. फरक एवढाच, की अण्णा पाण्याबरोबर भाव, पाऊस, निवडणूक आणि इंजिनसुद्धा सांगतो.

त्या उन्हाळ्यात आप्पांना झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, डोकं राहिलं, उजवा हात-पाय राहिला. मागच्या शेडमध्ये आमचे चार माग होते. दोन पूर्वीच काढून टाकले होते आणि त्यांच्या जागी गाडी उभी असायची. आप्पांनी आपली खुर्ची तिथंच मांडायला लावली. चालवणं तर संपलंच होतं. क्लच दाबायला डावा पाय लागतो. पण मी संध्याकाळी फौंड्रीतून आलो की गाडी सुरू करून द्यायची आणि ते डोळे मिटून ऐकत बसायचे. पाय न लावता इंजिन आपल्या मनानं फिरत राहतं त्याला मेकॅनिक लोक आयडल म्हणतात. या गाडीचं आयडल मिनिटाला साडेआठशे फेरे. आप्पांना आकडा ठाऊक नव्हता, पण नऊशे झाले तरी कपाळाला आठी यायची. मी मीटर लावून बघितलंय.

दसऱ्यानंतर गाडी सोळाशेवर गेली.

सोळाशे म्हणजे काय ते सांगतो. शेडमधली पत्र्याची भिंत थरथरते. शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. पहिला गिअर टाकला की गाडी दावं तोडल्यासारखी पुढं उडी घेते. ऐकायला तर भयंकरच, कुणाच्या तरी मागे कुत्रं लागल्यासारखं. दुसऱ्याच संध्याकाळी आप्पा म्हणाले, "बंद कर. हे ऐकवत न्हाय."

तिथं अण्णा हजर होताच. त्याच्या ओळखीचा एक हॉटेलवाला होता. चोर्ल्याच्या घाटाखाली त्याचं रिसॉर्ट. त्याला दारात ठेवायला एक जुनी गाडी पाहिजे होती. चालली नाही तरी चालेल, असं त्यानं सांगून ठेवलेलं.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "आजारी जनावर दारात बांधून ठिवू नये. दिवाळी झाल्यावर त्या माणसाला बोलव. तवर गाडी पयल्यासारखी वाजाय लागली तर ऱ्हाईल. न्हाय लागली तर घिऊन जाऊ दे. मग मला इचारू नका."

आप्पांनी दिलेला शब्द मी तरी फिरलेला पाहिला नाही. म्हणजे गाडी गेली तर ते संध्याकाळी त्या खुर्चीत कशासाठी बसणार, हा प्रश्न माझ्यावर आला. अण्णाला तो पडलाच नाही. अण्णाला प्रश्न पडत नाहीत, फक्त उत्तरं येतात.

आणि उत्तरं सगळ्यांनाच यायला लागली. समोरचा दूधवाला म्हणाला, पेट्रोलमध्ये भेसळ. चुलतभाऊ म्हणाला, इंजिन म्हातारं झालं की असंच करतं. हा स्वतः तीस वर्षं शाळेत मास्तर होता, इंजिनाशी त्याचा संबंध बसच्या खिडकीइतका. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात मी आवाज टाकला. अर्ध्या जणांनी आपापल्या गाडीचे फोटो पाठवले. एकानं लिहिलं, 'वा, काय गोड आवाज!' अशा माणसाला गाडी कोण विकतं, हा खरा तपासाचा विषय आहे.

शेवटी पिरनवाडीचा एक मेकॅनिक आणला. त्यानं पूर्वी अशा दोन गाड्या केल्या होत्या, असं तोच म्हणत होता. आला, मागचं झाकण उघडलं आणि आधी हात जोडले.

हात जोडण्याचं कारण होतं. खंडेनवमीला आमच्याकडे मागांची पूजा होते. आदल्या रात्री माग थांबवायचे, धुवायचे, पुसायचे. मग हळद लावलेला चार पदरी सुताचा धागा घ्यायचा. त्याचं एक टोक मागाच्या खांबाला आणि दुसरं फणीच्या दांड्याला, म्हणजे जो भाग हलतो त्याला बांधायचं. दसऱ्याच्या सकाळी माग सुरू केला की पहिल्याच ठोक्याला तो धागा ताडकन तुटतो. तो माणसाच्या हातानं तोडायचा नाही, कातरीनं कापायचा नाही, गाठ सोडून काढूनही टाकायचा नाही. मशीननं स्वतः तोडायचा. वर्षाचं काम यंत्रानं आपण होऊन सुरू केलं, असा त्याचा अर्थ. गाडीचा धागा आप्पा दरवर्षी स्टिअरिंगला बांधायचे आणि चाक फिरलं की तो तुटायचा. यंदा त्यांना आत बसता येत नव्हतं. म्हणून मी त्यांना धरून मागच्या बाजूला नेलं, झाकण उघडून दिलं आणि त्यांनी एका हातानं, दातांची मदत घेऊन, इंजिनालाच धागा बांधला. हळदकुंकवानं माखलेला तो धागा नंतर धूळ आणि तेल पिऊन काळपट झाला, पण तिथंच होता.

मेकॅनिकनं त्याला नमस्कार केला आणि काम सुरू केलं. आयडलचा स्क्रू असतो. तो बाहेर काढत नेला की इंजिन हळू व्हायला पाहिजे. यानं काढत काढत स्क्रू पार टोकाला आणला. सोळाशेचे सोळाशे.

"हवा धरालाय, सायेब," तो म्हणाला.

"कुठून?"

"कुठून तर धरालाय की. बघा हं." फटीतून जास्तीची हवा आत जाते का, हे बघायला त्याला खालच्या नळीच्या जोडावर फवारा मारायचा होता; फट असली तर इंजिनाचा वेग बदलतो. धागा मध्ये येत होता. त्यानं बोट आधी कपाळाला लावलं आणि मग त्याच बोटानं धागा अलगद बाजूला ओढून धरला. इंजिन आणखी चढलं. "बघा! म्हणलो नव्हतो? हवा धरालाय!"

मी मीटर बघत होतो. साडेसतराशे. फवारा अजून त्यानं मारलाच नव्हता, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते तसंच असतंय."

मला या वाक्याची चीड आहे. या वाक्यावर आमचा निम्मा देश चालतो.

त्यानं नळीचे जोड बदलले. नवे रबर, नवी पॅकिंग. सोळाशे. मग म्हणाला, चोक. थंडीत इंजिन पेटावं म्हणून कार्बोरेटरला एक आपोआप उघडझाप करणारी झडप असते, तिच्याबरोबर एक पायऱ्यांची छोटी चकती फिरते, आणि ती चकती स्क्रूला उचलून धरते. इंजिन तापलं की चकती खाली येते. ती अडकली, असा त्याचा शोध. ती साफ केली. सोळाशे. मग म्हणाला, कार्बोरेटरच गेला, मिळत नाही, सायेब, हे आता असंच. जाताना त्यानं धाग्याला पुन्हा नमस्कार केला. एवढं एक काम त्यानं न चुकता केलं.

दिवाळी झाली. रविवारी सकाळी अण्णा हॉटेलवाल्याला घेऊन आला. मी लवकर उठून शेडमध्ये होतो. आप्पा खुर्चीत, अंगावर शाल. हॉटेलवाल्याच्या पायात पांढरे बूट. मागांच्या गावात जन्म गेला, पण एवढे पांढरे बूट घालून कुणी शेडमध्ये आलेलं मी पाहिलं नव्हतं. तो गाडीभोवती फिरला, छताला चापट मारली.

"इंजिन काढून टाकायचं," तो अण्णाला म्हणाला, "तिथं माती भरायची. बोगनवेल लावायची. गुलाबी. पाठीवरनं अशी खाली सोडायची. पुढच्या झाकणात सदाफुली. गेस्ट लोक फोटो काढतात."

"लई झ्याक दिसंल," अण्णा म्हणाला.

आप्पा डोळे मिटून बसले होते. मी गाडी सुरू केली होती, सोळाशेवर, तेव्हा त्यांना ते ऐकू आलं की नाही, हे मला सांगता येत नव्हतं.

"बंद कर की ते," अण्णा ओरडला. "काय करालास अजून?"

"बघालोय."

"दिवाळीपतोर काय बघिटलास मग?"

इंजिन बंद केलं. मला एक गोष्ट सतावत होती. स्क्रू पूर्ण बाहेर, तरी वेग तोच. म्हणजे वेग स्क्रूमुळे नाही. स्क्रूचं टोक त्या पायऱ्यांच्या चकतीवर टेकलेलं असतं. हा स्क्रू बसवलेला असतो लिव्हरवर, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला की हलतो त्या दांड्यावर, आणि पाय सोडला की ती लिव्हर या टेकूवरच थांबते. मी खिशातून पातळ पत्त्यांचं गेज काढलं. फौंड्रीत फटी मोजायला वापरतो ते. स्क्रूचं टोक आणि चकती यांच्या मध्ये सगळ्यात पातळ पत्ती घातली. गेली. जाड घातली. गेली. दोन जाड एकत्र घातल्या. त्याही गेल्या, कशालाही न घासता.

म्हणजे स्क्रू टेकतच नव्हता. मग चोकचाही दोष नाही. चकतीनं उचलून धरलं असतं तर स्क्रू तिच्यावर टेकलेला असता. हवेचाही नाही, हवा लिव्हर धरून ठेवत नाही. लिव्हर बंद व्हायला येत होती आणि स्क्रूपर्यंत पोचायच्या आत तिला कुणीतरी अडवत होतं. अॅक्सिलरेटरची केबल सोडवली. फट तेवढीच. परत ओढणारी स्प्रिंग बघितली, चांगली ताणलेली होती.

राहिलं काय? जे प्रत्येकानं पाहिलं होतं आणि पाहून हात जोडले होते ते. मीसुद्धा.

धाग्याचं एक टोक एअर क्लीनरच्या पट्ट्याला होतं आणि दुसरं त्या लिव्हरला. आप्पांनी नियमानुसारच बांधला होता: एक टोक स्थिर भागाला, एक हलणाऱ्या भागाला. फक्त माग एकाच दिशेनं जोर करत नाही. ही लिव्हर पाय दाबला की पट्ट्याकडे सरकते, धागा सैल पडतो. पाय सोडला की लांब जाते, आणि तेव्हा जोर असतो फक्त त्या बारक्या स्प्रिंगचा. खळ लावलेलं चार पदरी सूत ती काय तोडणार! मेकॅनिकनं तो बोटानं ओढला तेव्हा इंजिन का चढलं, तेही आता कळलं.

"आप्पा," मी म्हणालो, "धागा तुटलाच न्हाय यंदा."

त्यांनी डोळे उघडले.

"तुम्ही बांधलेला. अजून हाय. त्यानंच लिव्हर धरून ठेवलीया."

"मग कातरी आण," अण्णा म्हणाला.

"गप," आप्पा म्हणाले. "तो मशीननं तोडायचा."

"आप्पा, अहो, एवढ्यासाठी—"

"तुझ्या बापजाद्यांनी कातरी लावली न्हाय. तू लावणार व्हय?"

हॉटेलवाला वाकून आत बघत होता. "धागा राहू द्या तसाच," तो म्हणाला. "ट्रॅडिशनल वाटतंय. काचेत बसवता येईल."

त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही मी. आप्पांना विचारलं, "कापायचा न्हाय, काढून टाकायचा न्हाय. खरं गाठ सोडून, धागा तोच ठेवून, दुसऱ्या बाजूला बांधला तर?"

आप्पांनी शेडमधल्या मागांकडे बघितलं. "माग बिघडला तर आपुन ताणा सरकवून बांधतोच की," ते म्हणाले. "बांध."

गाठ दातांनी मारलेली, तेलानं चिकट झालेली. सुटायला वेळ लागला. मी लिव्हरचं टोक तसंच ठेवलं, दुसरं टोक पट्ट्यावरून काढून विरुद्ध बाजूच्या कंसाला बांधलं. आता पाय दाबला की धागा ताणला जाणार होता. केबल जोडली. मग आप्पांकडे गेलो.

"उठा."

"मी?"

"उजवा पाय हाय न्हवं? क्लच लागत न्हाय ह्याला."

अण्णा पुढं आला नाही. मी आणि बायकोनं मिळून त्यांना बसवलं. डावा पाय मी उचलून आत ठेवला. स्टिअरिंगवर त्यांनी एकच हात ठेवला. मी किल्ली फिरवली. सोळाशेचा गलका नव्हता आता, आप्पांचा पाय पेडलवर नुसता टेकलेला, तेवढ्यावर इंजिन हेलपाटत कसंबसं धडपडत होतं.

"दाबा आप्पा. जोरात."

त्यांनी दाबलं. इंजिन ओरडलं, मागच्या बाजूला टच् असा आवाज आला, आणि पाय सुटला तसं इंजिन खाली आलं, खाली आलं आणि बंदच पडलं.

"झालं!" अण्णा म्हणाला. "व्हती तीबी गेली."

हॉटेलवाला हसला. आप्पांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं, पण वेगळ्या कारणानं. लिव्हर पहिल्यांदाच पूर्ण मागं आली होती, आणि आमच्या पिरनवाडीच्या पंडितानं स्क्रू टोकापर्यंत बाहेर काढून ठेवलेला. टेकायला काही नाही, म्हणून इंजिन गुदमरलं. अण्णाला हे समजावून सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही. स्क्रू चकतीवर टेकेपर्यंत आत घेतला आणि आणखी थोडा. पुन्हा किल्ली. अकराशे. थोडा बाहेर. हजार. नऊशे. मीटरकडे बघत होतो, पण खरं म्हणजे आरशात त्यांचं कपाळ बघत होतो. साडेआठशेला आठी गेली.

तुटलेल्या धाग्याची दोन टोकं लिव्हरजवळ लोंबत होती. मी त्यांना हात लावला नाही.

शेडमध्ये एकदम शांत वाटायला लागलं. पत्रा थरथरायचा थांबला होता. बाहेर कुणीतरी बादली आपटली ते ऐकू आलं. आप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि हॉटेलवाल्याला अगदी अदबीनं विचारलं, "मघाशी तुमी काय म्हणालासा, त्या आवाजात मला कळलं न्हाय. काय लावणार म्हणालात गाडीत?"

हॉटेलवाल्यानं अण्णाकडे बघितलं. अण्णानं छताकडे.

"न्हाय, म्हणजे..." तो म्हणाला, "बोगनवेल."

"कुठं?"

"मागं. इंजिनच्या... जागेला."

"इंजिन हाय की तिथं," आप्पा म्हणाले.

 इंजिन आपलं साडेआठशेनं चाललं होतं.

"कुंड्या पाहिजे असल्या तर खानापूरच्या वाटेला मिळतात," आप्पा म्हणाले. "मातीच्या. मोठ्या येतात चांगल्या." मग मान आत घेतली आणि डोळे मिटले.

हॉटेलवाला गेला. पांढऱ्या बुटांच्या तळाला शेडमधलं तेल लागलेलं होतं, अंगणात ठसे उमटत गेले. अण्णा दारात थांबला आणि मला म्हणाला, "मी पयल्यापासनं म्हणालतो न्हवं, कायतर बारीकसं असणार."

मी मीटरची वायर गुंडाळत होतो. हा म्हणाला नव्हता. पण मोजून दाखवण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून मी वायरच गुंडाळत राहिलो.

आप्पांनी त्या दिवशी गाडी बंद करू दिली नाही, टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत.